नन्नाचा पाढा

नळवाल्याचा नंबर लिहून घ्यायला कागद हवा होता, एवढंच. मावशीने फोन कानाला धरूनच फ्रीजशेजारी भिंतीवर अडकवलेल्या चिमट्याकडे बोट दाखवलं. भाचीने चिमट्यातला वरचा कागद ओढला तर तो कागद नव्हता, पाकीट होतं. पाठीवर मावशीच्या ठसठशीत अक्षरात 'चष्मा – काडी सैल. दोरी जाड बघून आणणे. गच्चीची किल्ली मागणे' असं लिहिलेलं. तिने पाकीट उलटं केलं. डाव्या कोपऱ्यात निळी पट्टी होती. ही पट्टी निळी असावी की हिरवी यावर तिच्या खात्यात दोन बैठका झाल्या होत्या आणि दोन्हींत निळीसाठी तीच हिरिरीने भांडली होती, कारण तिच्या मते हिरवी पट्टी दिसली की लोकांना विजेचं बिल आठवतं. पाकीट फोडलेलं नव्हतं. आतलं तपासणीचं पत्र तिला न फोडताही पाठ होतं, कारण ते तिनेच लिहिलं होतं: 'मागच्या वेळी आपण येऊ शकला नाहीत, हरकत नाही.' त्या 'हरकत नाही'साठी महिनाभर वरिष्ठांच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. चिमट्यात त्याखाली आणखी तीन पाकिटं होती, एकाहून एक पिवळी, चारही बंद, आणि चारहींच्या पाठी किरकोळ कामांनी भरलेल्या. "लिहितेस ना गं? शेवटी दोन सात आहेत," मावशी म्हणाली. तिने नंबर लिहिला. मग विचारलं, "मावशी, ही पत्रं कधी उघडली नाहीस?" "कशाला उघडायची? पाठ कोरी असते आणि कागद जाड. सरकारला कागदाची अक्कल आहे हो, बाकी कशाची असो नसो." आणि मावशी नळवाल्याशी पुन्हा हुज्जत घालायला लागली.

तिचं काम नेमकं काय, हे तिच्या घरात कुणालाही धड सांगता यायचं नाही. नवरा सांगायचा, 'आकडेमोड करते.' मुलगी सांगायची, 'आई कॅन्सरवर आहे,' आणि ऐकणारा दचकायचा. खरं असं होतं की आरोग्य खात्याच्या चौथ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, संगणकाच्या पोटात तिने दहा लाख बायका वसवल्या होत्या. त्या जन्मायच्या, वाढायच्या. गर्भाशयाच्या मुखाशी कुणाच्या पेशी बिघडायला लागायच्या, कुणाच्या आपोआप सुधारायच्या, कुणाच्या सुधारायच्या नाहीत. तिसाव्या वर्षापासून दर पाच वर्षांनी तपासणीचं पत्र जायचं, कुणी यायची, कुणी यायची नाही. आणि एक ना एक दिवस सगळ्याजणी मरायच्या, कारण त्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. पत्र तीन वर्षांनी पाठवलं तर किती वाचतात? उशिरा सुरू केलं तर किती जातात? देशभरातल्या खऱ्या बायकांवर असले खेळ करता येत नाहीत, म्हणून आधी या खोट्या बायकांना विचारायचं. खात्यात या सगळ्याला 'वस्ती' म्हणत, आणि कार्यक्रमाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, ते तिला सटवाई म्हणत. 'काय सटवाई, आज कुणाच्या कपाळी काय लिहिलंत?' पहिल्यांदा तिला राग आला होता, मग सवय झाली, आणि एके दिवशी ते नुसतं 'मॅडम' म्हणाले तेव्हा आपलं काही चुकलं की काय म्हणून ती दिवसभर हुरहुरत राहिली. चार वर्षं खपून वस्तीने आता कौल दिला होता: पत्र पाचऐवजी तीन वर्षांनी पाठवा. अकरा दिवसांनी तो राष्ट्रीय समितीपुढे जायचा होता. मंजूर होणारच होता. मोठ्या डॉक्टरांनी नवा कोट शिवायला टाकला होता.

मावशीकडून निघून ती पादचारी पुलावर चढली तोवर तिला फक्त चिडल्यासारखं झालं होतं, आणि तेही स्वतःच्या अक्षरांचा अपमान झाला म्हणून. दर फेरीत शंभरातल्या साठ येतात, चाळीस येत नाहीत. सोळा वर्षांतल्या चारही फेऱ्यांत हा आकडा साठाच्या आसपासच राहिला होता, आणि वस्तीतही तो तंतोतंत साठ येत होता, ज्याचा तिला फार अभिमान होता. चाळीसजणी राहिल्या तर पुढच्या वेळी त्यांच्यातल्याही साठ टक्के येणार. उरलेल्या सोळांतल्या पुन्हा साठ टक्के. असं करता करता चार फेऱ्यांनी एकदाही न आलेल्या उरतात शंभरात अडीच. अडीच म्हणजे काहीच नाही. सभांमधून ती हसत सांगायची, 'आज नाही आली तर उद्या येईल.' आणि त्या अडीचमधली एक नेमकी माझी मावशी? मावशीचं सगळं आयुष्य तिच्या डोळ्यांपुढे आलं. लग्नाला नाही. आलेल्या तिन्ही स्थळांना नाही. बढती देऊन दुसऱ्या गावी पाठवत होते तेव्हा नाही. चहाला नाही, साखरेला नाही, फोटोत मधे उभं राहायला नाही. आई वैतागून म्हणायची, 'हिच्याकडे जायचं म्हणजे नन्नाचा पाढा ऐकायला जायचं.' लहानपणी तिला वाटायचं की असा खरोखर एखादा पाढा असतो आणि तो फक्त मावशीला येतो. पुलाच्या मध्यावर, खालून गाड्या जात असताना, ती तो पाढा मनाशी म्हणायला लागली: न एके न, न दुणे न, न त्रिक न, न चोक न. आणि थांबली. मागून येणारा माणूस तिला धडकता धडकता वाचला. न चोक न. हा पाढा वाढत नाही आणि घटतही नाही. चाळीसाचे सोळा, सोळाचे साडेसहा, साडेसहाचे अडीच, हे तिच्या वस्तीतलं गणित होतं. मावशीच्या गणितात पहिला 'न' शेवटपर्यंत 'न'च होता.

वस्ती दर पाच वर्षांनी प्रत्येक बाईसाठी नव्याने फासा टाकत होती: साठाच्या आत पडला तर आली, बाहेर पडला तर नाही आली. मागच्या वेळी काय पडलं होतं हे फाशाला माहीत नव्हतं आणि बाईलाही माहीत नव्हतं. दहा लाख बायका, आणि एकीलाही आठवण नाही. आपण मागच्या खेपेला का गेलो नाही, तिथे कोण काय बोललं, कुणाकडे पाहून उलट्या पावली फिरलो, काही काही नाही. दर पाच वर्षांनी कपाळ स्वच्छ पुसलेलं. सटवाईसुद्धा एकदाच लिहिते म्हणतात. हिने चार-चारदा लिहून चार-चारदा पुसलं होतं, आणि त्याला चार वर्षं शास्त्र म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी खोली उघडून तिने आधी ती ओळ शोधली. ओळ तिनेच लिहिलेली होती, अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात. एवढीशी ओळ, डोळ्यांत न भरणारी, आणि तिच्यावर सगळा डोलारा. मग ती तळघरात गेली. तिथे नोंदवाले काका बसत. तपासणीच्या सगळ्या याद्या त्यांच्या ताब्यात, आणि त्या ते पोटच्या पोरांसारख्या सांभाळत. "काका, चारही फेऱ्यांत एकदाही न आलेल्या बायका किती, हे काढता येईल?" काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मॅडम, प्रत्येक फेरीची यादी वेगळी. फेरी सुरू झाली की अनुक्रमांक एकपासून. मागची कोण पुढची कोण, याचा त्यात काही मेळ नाही." "का नाही?" "कुणी मागितलाच नाही," काका म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. खरंच कुणी मागितला नव्हता. तिने मागितला नव्हता. एका विभागाच्या चार याद्या घेऊन, जन्मतारीख आणि नाव जुळवत, दोघं तीन दिवस बसली. सासरची-माहेरची आडनावं, चुकलेल्या तारखा, एकाच नावाच्या सहा-सहा बायका. काकांची बोटं त्यातून अशी फिरत होती की ही कला इतकी वर्षं तळघरात कुजत पडली याची तिला लाज वाटली. बुधवारी दुपारी आकडा आला. शंभरात सत्तावीस. अडीच नाही, सत्तावीस. काकांनी बेरीज पुन्हा एकदा करून बघितली. "म्हणजे सोळा वर्षं आपण त्याच त्या बायकांना बोलावतोय?" "आणि त्याच त्या बायकांपुढे 'गैरहजर' लिहितोय," ती म्हणाली.

तिने बायकांना आठवण दिली आणि वस्ती पुन्हा चालवली. तीन वर्षांच्या पत्राचा सगळा थाट उतरला. ज्या येतच होत्या त्या आणखी वेळा येणार, म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर बसवायचं; आणि सत्तावीसजणी होत्या तिथेच राहणार, आणि मरणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त त्यांच्यातल्याच. तिच्या अहवालातल्या वाचणाऱ्या जिवांपैकी तिसरा हिस्साही उरला नाही. खुर्चीत मागे रेलून ती छताकडे बघत बसली. हे कुणालाही कळणार नव्हतं. समितीत ती ओळ वाचणारं कुणी नव्हतं, आणि तळघरात कुणी उतरत नसे. कौल मंजूर झाला असता, तिचं नाव झालं असतं, तीन वर्षांचं पत्र काही वाईट नव्हतंच, थोड्या बायका वाचल्याच असत्या. आणि चूक कबूल केली तर सगळेच म्हणतील की यांच्या वस्तीचं काही खरं नाही, मग पाचही नको आणि तीनही नको. असा सगळा युक्तिवाद तिने मनात अगदी वकिलासारखा मांडला, आणि मांडताना तिला सारखी मावशी दिसत राहिली, चाळिशीतली, खांद्याला चामडी पिशवी लावून बाजारात शिरणारी. मावशी वजनमापं तपासणारी निरीक्षक होती. सुट्टीत एकदा तिला बरोबर घेऊन गेली होती. मावशी आली की दुकानदार स्टूल पुसायचे, सरबत मागवायचे, आणि मावशीचा पाढा सुरू: नको, नाही, बसत नाही. मावशीने एका दुकानातला काटा उचलून बाजूला काढला तेव्हा दुकानदार काकुळतीने म्हणाला होता, 'बाई, माल एक नंबर आहे हो माझा, हवा तर बघा.' मावशी म्हणाली होती, 'मालाबद्दल कोण बोलतंय? काटा खोटा आहे.' आठ वर्षांच्या तिला तेव्हा मावशीचा नकार जगातली सगळ्यात उंच गोष्ट वाटला होता. मोठी झाल्यावर मात्र तोच नकार तिने हट्टीपणाच्या खात्यात टाकला, आणि आता आकड्यांत तर त्याला खातंच उरलं नव्हतं.

गुरुवारी ती जेवणाच्या सुट्टीत तडक मावशीकडे गेली. नळ दुरुस्त झाला होता आणि मावशी त्याच्याकडे संशयाने बघत होती. तिने आडवळण घेतलं नाही. "मावशी, तू तपासणीला का जात नाहीस?" "नाही जात." "का पण?" "नाही म्हणजे नाही." "भीती वाटते?" मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने प्रश्न परत घेतला. मग मावशीने नळ एकदा उघडला, बंद केला. "मी आले होते," ती म्हणाली. "तुमचं ते पहिलं पत्र आलं तेव्हा. पाकिटावरच 'तपासणी' आणि तारीख-वेळ छापलेली, फोडावंही लागलं नाही; मी निरीक्षक बाई, म्हटलं सरकारी कामाला हजर राहावं. सकाळी नऊला केंद्रावर हजर. खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. तिने विचारलं, लग्न होऊन किती वर्षं झाली? म्हटलं, झालेलं नाही. तर ती मागे वळून मोठ्याने विचारते, 'अहो, या कुमारी आहेत, यांना घ्यायचं का?' वीस बायका बसल्या होत्या. सगळ्यांनी माना वर केल्या. त्यांतली एक माझ्या ओळखीची निघाली. आतून कुणीतरी म्हणालं, 'कशाला आल्यात मग?'" मावशीने नळाखाली बोट धरून बघितलं, थेंब नव्हता. "मी म्हटलं, खरंच, कशाला आलेय? आणि घरी आले." "हे तू कधी बोलली नाहीस." "विचारलं कुणी?" काकांनी म्हटलं होतं तसंच, जवळजवळ त्याच आवाजात. आणि तिला आठवलं की पहिल्या फेरीच्या यादीत मावशीच्या नावापुढे ती आदल्याच दिवशी स्वतः बघून आली होती: गैरहजर. खिडकीपर्यंत आलेली बाई गैरहजर. तिला रडू येतंय की राग येतोय हे कळेना, पण त्याचबरोबर दोन वर्षांपूर्वी बाजूला टाकलेला एक पर्यायही आठवला आणि ती ताडकन उभी राहिली. "मावशी, समज, कुठे जायचंच नाही. खिडकी नाही, मुलगी नाही, आडवं पडणं नाही. घरी एक डबी आली. आत कापसाची काडी आणि एक नळी. न्हाणीघराचं दार लावून तुझं तू करायचं आणि डबी टपालात टाकायची. मग?" मावशीने विचारलं, "डबीवर बाहेरून काय लिहिलेलं असेल?" "काहीच नाही." "मग बघता येईल," मावशी म्हणाली. उभ्या आयुष्यात मावशीच्या तोंडून तिने यापेक्षा मोठा होकार ऐकला नव्हता.

त्या डबीचा पर्याय तिने दोन वर्षांपूर्वीच वस्तीत चालवून बघितला होता आणि तो साफ पडला होता. पडणारच, अडीचजणींसाठी एवढा खटाटोप कोण करील? आता तिने सत्तावीसजणींसाठी तो चालवला, तर पडदा हिरव्या आकड्यांनी असा भरून आला की ती खोलीत एकटीच मोठ्याने ओरडली आणि बाजूच्या खोलीतला शिपाई धावत आला. तीन वर्षांच्या पत्राने, चुकीच्या गणितातसुद्धा, जेवढे जीव वाचत होते, त्याच्या दीडपट. पत्र पाच वर्षांनीच राहू दे. फक्त न येणाऱ्यांच्या घरी डबी जाऊ दे.

शुक्रवारी तिने मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले. "सहा दिवसांवर बैठक आहे," ते म्हणाले. "सहा दिवसांवर. आणि तुम्ही मला सांगताय की चार वर्षं आपण जे मिरवलं ते चूक?" "ते माझं चूक. ओळ माझी आहे." "समिती फाडून खाईल." "खाऊ दे." "अहो, डबी पुढच्या वर्षी मांडू की. यंदा तीन वर्षांचं घेऊ पदरात." हे अगदी तिनेच स्वतःशी म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती किडकं वाटत होतं! "डॉक्टर, काटा खोटा आहे," ती म्हणाली. डॉक्टरांना संदर्भ माहीत नव्हता. पण बोलण्यात असं काही होतं की त्यांनी जुना अहवाल मिटून बाजूला ठेवला. ते मुळात प्रसूतिगृहातले डॉक्टर. तरुणपणी त्यांनी उशिरा आलेल्या बायका पाहिल्या होत्या आणि त्या विसरता न आल्यामुळेच ते इथे येऊन बसले होते. शेवटी त्यांनी उसासा टाकला. "सटवाई, तुम्ही माझ्या कपाळी काय लिहून ठेवलंय कोण जाणे. मांडा. मी शेजारी बसतो. पण कोट मात्र नवाच घालणार."

समितीच्या दालनात लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, अकरा माणसं. अध्यक्षबाई पूर्वी परिचारिका होत्या आणि अजूनही समोरच्याकडे नाडी बघितल्यासारख्या बघत. ती उभी राहिली तेव्हा पाय लटपटत होते. मग तिने पहिलंच वाक्य सरळ टाकलं, "तुमच्या हातातला अहवाल चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे," आणि पाय आपोआप थांबले. हे तिला पुढे कितीतरी दिवस नवलाचं वाटत राहिलं, की इतकी वर्षं ती बरोबर आकडे घेऊन कापत उभी राहायची, आणि चूक घेऊन उभी राहिली तेव्हा खांबासारखी. "आमच्या बायकांना आठवण नव्हती," ती म्हणाली. तिने अडीच आणि सत्तावीस फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले. मावशीचं नाव न घेता, नातं न सांगता, खिडकीपर्यंत येऊन परत गेलेल्या एका बाईची गोष्ट सांगितली. टेबलाच्या टोकाचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत तुम्ही तीन वर्षं म्हणत होतात, आज डबी म्हणताय. पुढच्या आठवड्यात काय म्हणाल?" दोघं-तिघं हसले. ती पण हसली. तिला खरंच हसू आलं. "पुढच्या आठवड्यात काय म्हणेन ते मला माहीत नाही. पण मी खोटी ठरेन कशी, ते आजच सांगून ठेवते. चारही वेळा न आलेल्या तीन हजार बायकांना डब्या पाठवा. माझा हिशेब म्हणतो, शंभरातल्या पंचवीस परत येतील. पंधराही आल्या नाहीत तर मी चुकले, आणि ही योजना तुम्ही केराच्या टोपलीत टाका, मी स्वतः टोपली आणून देते." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मी बावीस वर्षं वॉर्डात काढली," त्या म्हणाल्या. "उशिरा येणारीला आम्ही सगळे एकच विचारायचो, इतके दिवस कुठे होतात बाई? ती काय उत्तर देते ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मंजूर करू या." अकरा हात वर गेले, टोकाच्या गृहस्थांचा सर्वांत शेवटी, पण गेला. जिन्यातून उतरताना मोठे डॉक्टर कोटाची बटणं काढत म्हणाले, "हरलो असं वाटून आत गेलो होतो हो मी!" आणि एवढा वजनदार माणूस दोन-दोन पायऱ्या सोडून उतरायला लागला.

डब्या गेल्या. पहिल्या आठवड्यात अकरा आल्या आणि तिची झोप उडाली. दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेतून फोन आला, "मॅडम, जरा येऊन बघा, ठेवायला जागा नाही." ती धावत गेली. टेबलांवर, खिडकीच्या कठड्यावर, खुर्च्यांवर डब्याच डब्या. काही दोरीने बांधलेल्या, काही तिहेरी चिकटपट्टी लावलेल्या, एकीवर 'लवकर उघडावे' असं ठणकावून लिहिलेलं. सोळा वर्षं यादीत नुसतं 'गैरहजर' म्हणून पडलेल्या बायका तिथे गर्दी करून बसल्या होत्या, आणि ती त्यांच्यामधून वाट काढत, हात न लावता, फिरत राहिली. तीन हजारांत नऊशे तीस. शंभराला एकतीस! नोंदवाले काका तळघरातून वर आले, सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणे, आणि त्यांनी हा आकडा स्वतःच्या हाताने यादीत चढवला. अठ्ठ्याऐंशीजणींच्या काडीत हा कॅन्सर घडवणारा विषाणू सापडला, त्यांना फोन करून, विचारून, सोयीच्या वेळी बोलावलं. एकोणीसजणींच्या पेशी कॅन्सरच्या वाटेला लागलेल्या होत्या, वाटेवरच पकडल्या. मावशीच्या काडीत काही निघालं नाही. मावशीने निकालाचं ते पत्र मात्र फोडलं, आणि फोनवर विजयी आवाजात म्हणाली, "बघ! सांगत नव्हते? ठणठणीत आहे मी. उगीच घोर लावून घेतलास." "हो मावशी, तूच बरोबर," ती म्हणाली, आणि इतक्या आनंदाने म्हणाली की मावशीला संशय आला.

त्या एकोणीसजणींपैकी एकीशी तिची गाठ पडली ती अगदी सहज. ती केंद्रावर याद्या घ्यायला गेली होती. खिडकी काढून टाकली होती. आता बाई आत आली की परिचारिका उठून तिला बाजूच्या खोलीत नेत असे. बाकावर पन्नाशीची एक बाई बसली होती, बोटांच्या टोकांना काळपट धातूचा रंग, अंगठ्याला घट्टे. पंधरा मिनिटांचे उपचार होऊन ती जरा टेकली होती. "तुम्ही इथल्याच का?" बाईने विचारलं. "हो. म्हणजे मी हिशेब करते." "कसला?" "कोण आलं, कोण आलं नाही, याचा." बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग माझंही लिहून घ्या. बसथांब्यासमोर किल्ल्यांची टपरी आहे माझी. सव्वीस वर्षं. सकाळी आठला उघडते, रात्री आठला बंद. बोलावलंत तेव्हा तेव्हा टपरी बंद ठेवून यायचं होतं, ते काही जमलं नाही. पण मी होते हो तिथेच, एक दिवस हलले नाही. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसत होते. तुम्हीच आला नाहीत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण ती काही सोडूनही देत नव्हती. आणि तिला, जिच्या संगणकात दहा लाख बायका जगत-मरत होत्या, या एका खऱ्या बाईपुढे इतका आनंद झाला, इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले आणि ते पुसायचंही तिने मनावर घेतलं नाही. "खरं आहे," ती म्हणाली. "फार उशीर केला आम्ही."

"उशीर केलात खरा," किल्लीवाली बाई उठून चप्पल पायात सरकवत म्हणाली, "पण वेळेत आलात." आणि टपरी उघडायला निघून गेली.